तापाचं पंचांग

नुसत्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यावरून कुठला महिना चालू आहे ते सांगता यावं, इतकं आमच्या लॅबचं वर्ष पूर्वी ठरलेलं असायचं. मी वडोदऱ्यात रावपुऱ्याजवळ एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लग्न होऊन दांडिया बाजारातल्या वाड्यात आले आणि लगेच या कामाला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या वरिष्ठ बाईंनी तेव्हा सगळं सांगून ठेवलं होतं. मे-जूनमध्ये जुलाब-उलट्या, पावसाळा लागला की टायफॉइड आणि कावीळ, गणपतीत मलेरिया, नवरात्रात डेंग्यू आणि दिवाळीनंतर थंडी पडली की सुटका. मग उत्तरायणापर्यंत शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल. त्या दिवसांत आम्ही रजा घ्यायचो.

हे आमच्या बाईंनी शोधून काढलेलं नव्हतं. 'वैद्यानां शारदी माता पिता तु कुसुमाकरः' असं जुने वैद्य म्हणतच आले आहेत. शरद ऋतू वैद्यांची आई आणि वसंत त्यांचा बाप, कारण या दोन ऋतूंत त्यांच्या दारात रांग लागते. 'शंभर शरद जग' या आशीर्वादाचा अर्थ आमच्या सासूबाई सरळ लावतात: ज्याचा शरद पार पडला त्याचं वर्ष पार पडलं.

आता डिसेंबरात डेंग्यू पॉझिटिव्ह येतो. मार्चमध्ये, डास दिसत नसताना, व्हायव्हॅक्स मलेरियाची स्लाइड येते. फ्लू ऐन जुलैत घरंच्या घरं आडवी करतो. पेशंट विचारतात, "बेन, आत्ता कुठे आलाय डेंग्यू? रिपोर्ट बदलला नाही ना?" विचारणं चुकीचं नाही. त्यांच्याही डोक्यात तेच जुनं पंचांग आहे. अडचण अशी की काही वेळा तपासणी सांगणाऱ्याच्या डोक्यातही तेच असतं, आणि मग ताप चार दिवस 'व्हायरल' म्हणून अंगावर काढला जातो.

मला या पोस्टमध्ये जे सांगायचंय ते एवढंच की हवा बिघडणं आणि माणूस आजारी पडणं यांच्यामध्ये दिवस असतात. कधी पाच, कधी पंचवीस, कधी दोन महिने. पाऊस बेभरवशाचा झाला, तरी हे मधले दिवस बरेचसे ठरलेले आहेत. ते आपण वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी डासाचं सांगते, कारण तो माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. डेंग्यूच्या पेशंटला चावलेली डासाची मादी लगेच दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकत नाही. विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचावा लागतो. हवा २५ ते २८ अंशांत असली तर त्याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हवा थोडी तापली की हे दिवस कमी होतात, गारठली की वाढतात. मादी जगते जेमतेम दोन ते चार आठवडे. विषाणू पिकायलाच पंधरा दिवस गेले तर बहुतेक माद्या त्याआधी मरतात. तेच काम आठ दिवसांत झालं, तर तीच मादी पुढचा आठवडाभर घरातल्या प्रत्येकाला चावत फिरते. तापमानातल्या दोन-तीन अंशांच्या फरकाने साथ पसरते किंवा विझते, ती अशी.

मलेरियाचंही तसंच. व्हायव्हॅक्सचा परजीवी १६ अंशांच्या खाली आणि फाल्सिपेरमचा १८ अंशांच्या खाली डासाच्या अंगात जवळजवळ वाढतच नाही. दिवाळीनंतर आमची सुटका व्हायची ती याच थंडीमुळे. आता नोव्हेंबरातल्या रात्री उबदार राहिल्या की सुटका पुढे जाते. दुसऱ्या टोकाला, तापमान ३५ अंशांच्या पार गेलं की डासच टिकत नाहीत. वडोदऱ्याच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, अंगणातल्या डासांना ते सोसत नाही. पण घरातल्या कूलरमागे हवा गार असते, ओलावा असतो आणि खालच्या टाकीत पाणीही असतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला आणखी काय हवं? त्याची अंडी तर कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून कूलरची टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतली कड ब्रशने घासावी लागते. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की शेजारच्या काकू मला बघूनच म्हणतात, "घासली गं, घासली!"

मार्चमधल्या त्या व्हायव्हॅक्सचं गूढ मात्र हवेत नाही, माणसाच्या यकृतात आहे. हा परजीवी यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनंतर पुन्हा उठतो. प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या त्याच्यासाठीच असतात. ताप उतरला की लोक त्या पाचव्या-सहाव्या दिवशी बंद करतात. पुढे अवकाळी पाऊस पडून डास वाढले आणि नेमका तेव्हाच हा माणूस पुन्हा तापला, तर त्या गल्लीत नवी साखळी सुरू होते.

मलेरियाची स्लाइड मी आजही स्वतः बघते. रॅपिड किट आले, तरी बघते. तेलाच्या लेन्सखाली व्हायव्हॅक्सने धरलेली लाल पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी, फुगलेली दिसते आणि आत बारीक गुलाबी ठिपके असतात. फाल्सिपेरमची पेशी फुगत नाही. तिच्यात एक नाजूक कडं असतं, कधी एकाच पेशीत दोन. आणि ताप येऊन आठ-दहा दिवस झाले असतील तर चंद्रकोरीसारखे गॅमेटोसाइट, म्हणजे डासात गेल्यावर पुढे वाढणारे परजीवीचे रूप, दिसायला लागतात. ही कोर स्वतः माणसाला ताप आणत नाही. ती डासासाठी असते. रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात जो परजीवी पाहिला, त्याची सुरुवात पेशंटच्या रक्तातल्या अशाच पेशींपासून होते. त्यामुळे स्लाइडवर कोर दिसली की मला दोन गोष्टी कळतात. हा माणूस आठ दिवस तपासणीशिवाय राहिला. आणि त्याच्या घरातले डास आता त्याच्याकडून रोग उचलणार. बाहेरची हवा त्या वेळी २७ अंश असेल तर पुढच्या महिन्यात त्याच गल्लीतून आणखी नमुने येतात.

पाऊस जास्त झाला की रोगराई, असं आपण धरून चालतो. कमी पावसाचीही आपली एक वाट असते. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. एल निनोचं वर्ष होतं. पाऊस नाही म्हणून आमच्या भागात लोक निर्धास्त होते आणि त्याच वेळी पिंप, बादल्या, हंडे, गच्चीवरच्या टाक्या भरून ठेवत होते. जुन्या वाड्यांत चौकाखाली पाण्याचं टांकं असतं, आमच्याकडेही आहे. त्याचं झाकण एका कोपऱ्यात तुटलं तरी चालतं, असं सगळ्यांना वाटतं. शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी नेमका अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. डबकी नसली तरी त्याचं अडत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो वाचला तेव्हा मला माझ्याच ट्रेमधले नमुने कोणीतरी मांडून दाखवल्यासारखं वाटलं. त्यांचं म्हणणं असं: तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण सारखा पडत राहिला, तर डेंग्यू वाढतो. आठवड्याला १५० मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला तर अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू कमी होतो. म्हणजे मोसमाची बेरीज सारखीच असली तरी तो पाऊस कसा वाटून पडला यावर ताप ठरतो. वर्तमानपत्रात 'सरासरीच्या १०५ टक्के पाऊस' असं छापून येतं, ते लॅबच्या दृष्टीने फारसं उपयोगाचं नाही. या निकषांवरून दोन महिने आधी इशारा देता येईल, असंही त्या अभ्यासात आहे. दोन महिने! आम्हाला दोन आठवडे मिळाले तरी किती फरक पडेल.

आता २०२४ सालचं सांगते. आधी जुलैत चांदीपुरा आला. साबरकांठ्याकडून बातम्या सुरू झाल्या, मग पंचमहालाकडून, आणि आमच्या सयाजी हॉस्पिटलात लहान मुलं आणली जाऊ लागली. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला म्हणून त्याचं नाव तसं. पसरवते ती वाळूमाशी, डासाहूनही लहान, मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात वाढणारी. पावसाळा लागला की तिची संख्या वाढते. सकाळी ताप, संध्याकाळी झटके, दुसऱ्या दिवशी मूल बेशुद्ध. २००४ साली गुजरातच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत साथ आली होती तेव्हा लागण झालेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त दगावली होती. या रोगावर औषध नाही, लस नाही. भिंतीच्या भेगा मेपर्यंत लिंपून घेणं, एवढं मात्र हातात असतं. मे महिन्यात ते काम कोणालाच घाईचं वाटत नाही, कारण माशी दिसत नसते.

मग पूर आला. जन्माष्टमीला, २६ ऑगस्टला, पाऊस जो धरला तो सुटेना. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. तिची धोक्याची पातळी २६ फूट आहे. समा, अकोटा, सयाजीगंज, फतेगंज, वडसर, सगळीकडे पाणी. मगरींचे व्हिडिओ देशभर फिरले. माझ्या डोक्यात मात्र मगर नव्हती. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर तिथे लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, पेशंट कसे वाढले होते ते मला आठवत होतं. सुरत-नवसारी-वलसाडकडे तर भाताच्या आणि उसाच्या शेतात राबणाऱ्यांना लेप्टो दर पावसाळ्यात गाठतो.

पाणी ओसरल्यानंतर आमच्याकडे काय काय आलं ते क्रमाने सांगते, कारण हा क्रम दुसऱ्या कुठल्याही शहरात जवळपास असाच राहील.

पहिल्या तीन-चार दिवसांत जुलाब-उलट्या. नळाच्या लाइनीत गटाराचं पाणी शिरलं की ते इतक्या लवकर दिसतं. कॉलऱ्याचा जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांत माणसाला पाडतो. त्याच दिवसांत पायाच्या जखमा, चिखल्या, गळवं.

गणपती ७ सप्टेंबरला बसले, आणि त्या आठवड्यापासून लेप्टो. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं. ते कातडीतल्या लहानशा चिरेतून शरीरात जातं आणि पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. आमच्या ओळखीतल्या एकाने दुकानातला चिखल दोन दिवस अनवाणी उपसला होता, टाचेला भेगा होत्या. आरतीच्या वेळी कणकण आली, तरी तो उभा राहिला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरताना कठड्याला धरून उतरला, आणि घरच्यांना वाटलं उपसण्याच्या श्रमाने. डोळे लाल, तेही जागरणामुळे असेल म्हणून सोडून दिलं. डेंग्यू समजून रक्त आमच्याकडे आलं. प्लेटलेट कमी होते, म्हणजे डेंग्यूला साजेसंच. पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा घटतात, याच्या वाढलेल्या होत्या. एनएस१, म्हणजे डेंग्यूची सुरुवातीच्या दिवसांतली तपासणी, निगेटिव्ह. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन चढलेलं, काविळीचं बिलिरुबिनही. रिपोर्ट छापायच्या आधी आमच्या डॉक्टरांनी त्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि फक्त एक प्रश्न विचारायला सांगितला: पाण्यात उतरला होता का? त्याच संध्याकाळी त्याला दाखल केलं, प्रतिजैविकं सुरू झाली, मूत्रपिंडं वाचली. पुराच्या पाण्यात काम करणाऱ्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात. ती सगळ्यांसाठी नाही, मुलांना आणि गरोदर बायकांना तर नाहीच, म्हणून विचारूनच घ्यायची. पण विचारायला जायचं असतं ते चिखल उपसायच्या दिवशी. ताप आल्यावर तिचा तो उपयोग राहत नाही.

नवरात्र ३ ऑक्टोबरला लागलं. पुराने जुन्या अळ्या वाहून नेल्या होत्या, म्हणून सप्टेंबरची सुरुवात डेंग्यूच्या दृष्टीने तशी शांत गेली आणि लोक म्हणाले, यंदा डास नाहीत. पण पाणी ओसरताना गच्च्यांवर, भंगारात, टायरांत, बांधकामांच्या खड्ड्यांत राहून गेलं होतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, डासात विषाणू पिकायला आठ-दहा, माणसाच्या अंगात ताप यायला चार ते सात. बेरीज करा, तीन-चार आठवडे होतात. ऐन गरब्यात पोरं-पोरी तापाने फणफणून आमच्या बाकावर बसलेली होती.

दिवाळीत कावीळ. हिपॅटायटिस ए आणि ई यांना पोटात गेल्यापासून दिसायला दोन ते आठ आठवडे, कधी जास्तही लागतात. ऑगस्टअखेरीला प्यायलेलं पाणी लक्ष्मीपूजनाला डोळ्यांत पिवळं दिसतं, आणि तोवर पूर कोणाच्या लक्षात नसतो. यातली ई कावीळ गरोदर बाईला फार धोक्याची. म्हणून पुरानंतर दोन महिने तरी घरातल्या गरोदर बाईचं पाणी उकळूनच द्या, फिल्टर कितीही भारी असला तरी.

या भागाला हे नवीन नाही. छप्पनियो दुष्काळाचं नाव गुजरातेत अजून निघतं, संवत १९५६ चा म्हणून छप्पनियो, इंग्रजी १८९९-१९००. सासूबाईंच्या आजीने त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. माणसं उपाशी होती, मग मदतीच्या छावण्यांत कॉलरा शिरला, आणि शेवटी १९०० साली ज्याची वाट बघत होते तो पाऊस आला. त्या पावसाबरोबर हिवताप आला, आणि अंगात रक्त न उरलेली माणसं त्याने नेली. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदा संस्थानाची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, १९०१ ला साडेएकोणीस लाख भरली. दुष्काळ, कॉलरा, हिवताप, प्लेग, सगळं मिळून. दुष्काळापाठोपाठ चांगला पाऊस येणं हेच धोक्याचं असतं, हे तेव्हाही दिसलं होतं.

उन्हाळ्याच्या बाबतीत आपण बदललोय, आणि ते इथेच जवळ झालं. २१ मे २०१० ला अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ माणसं जास्त मेली, असं नंतर हिशेब केल्यावर कळलं. त्यातून २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा झाला, दक्षिण आशियातला पहिला. पिवळा, नारिंगी, लाल इशारा आता सगळ्यांना कळतो. लाल म्हटलं की दुपारची कामं पुढे ढकलली जातात, मजुरांना सावली मिळते. मग तापाचा इशारा का मिळू नये? 'तीन आठवड्यांपूर्वी इतका पाऊस, त्यानंतर इतकी उघडीप, तापमान २८: पुढचे पंधरा दिवस डेंग्यूसाठी नारिंगी.' हे सांगायला लागणारे सगळे आकडे रोज मोजले जातात. आपण मात्र पेशंट वाढले की धुराची गाडी मागवतो. धुराने उडते डास मरतात, कूलरच्या कडेची अंडी तशीच राहतात.

सरकारी इशारा येईल तेव्हा येईल. आमच्या लॅबमध्ये आम्ही आता भिंतीवर साधं कॅलेंडर लावलंय. मोठा पाऊस पडला की त्या तारखेवर निळी खूण, आणि तिथून तीन आठवडे मोजून लाल. आमच्याकडची नवी मुलगी हे काम मनापासून करते, रोज सकाळी आधी पर्जन्यमानाचा आकडा बघते. लाल खुणेच्या आठवड्यात आम्ही एनएस१ किट जास्त मागवून ठेवतो. काउंटरवरच्या फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवल्या आहेत: ताप कितव्या दिवसात आहे, आणि गेल्या महिन्याभरात साचलेल्या पाण्यातून चाललात का. पहिली ओळ यासाठी, की एनएस१ पहिल्या पाच दिवसांत खरं बोलतं, त्यानंतर आयजीएम, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी, बघावी लागते. आठव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही, असं समजू नका.

वाड्यातल्या टांक्याला लोखंडी झाकण बसवलं, वर बारीक जाळी. कूलर रविवारी घासायचा, हे काम आमच्याकडे मुलाचं. दिवाळी झाली तरी ते थांबवलेलं नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडचे कोणी वाचत असतील, विशेषतः लॅबमध्ये काम करणारे, तर त्यांनी मला जरूर कळवावं: तुमच्याकडे गेल्या वर्षी शेवटचा डेंग्यू पॉझिटिव्ह कुठल्या महिन्यात आला, आणि त्याच्या महिनाभर आधी पाऊस पडला होता का?